९९९९९९९ इन १ : फसव्या कॅसेटची समीक्षा

कॅसेटच्या लेबलवर छापलेला आकडा एकदा खरा धरून बघू. ९९९९९९९ इन १. एका गेमला एक मिनिट दिलं आणि झोप-जेवण सोडून टीव्हीसमोर बसलं, तर यादी संपायला एकोणीस वर्षं लागतील. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा गेम ४० किलोबाइटचा आहे. बाकीचे गेमही तेवढेच धरले तर तळहातावर मावणाऱ्या त्या डबीत सुमारे ४०० जीबी माहिती असायला हवी. ही कॅसेट हिंगोलीच्या दुकानांत मिळत होती तेव्हा गावातल्या सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क ४० नाहीतर ८० जीबीची असायची. कॅसेटमध्ये खरे गेम निघायचे बारा-पंधरा.

हे सगळ्यांना माहीत होतं. विकणाऱ्याला, घेणाऱ्या बापाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरांनाही. तरी ती कॅसेट वर्षानुवर्षं खपली. आज जुन्या व्हिडिओ गेमवर मराठीत जे लिहिलं-बोललं जातं त्यात कॉन्ट्रा असतो, मारिओ असतो, कॅसेटमध्ये मारलेली फुंकर असते. यादीतला उरलेला भाग, म्हणजे कंटाळवाणा, न कळणारा, पुन्हा पुन्हा तोच निघणारा, त्यात येत नाही. खेळण्याच्या तासांचा मोठा वाटा मात्र त्याच भागात गेला. म्हणून ही समीक्षा त्या भागाची आहे.

फसलेल्या गेमची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली. अटारी २६०० या यंत्रासाठी १९८२ साली ‘ई.टी.’ हा गेम निघाला. स्टीव्हन स्पीलबर्गच्या सिनेमाचे हक्क घ्यायला वेळ गेला आणि नाताळच्या विक्रीत माल पोचायला हवा होता, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरला जेमतेम पाच आठवडे मिळाले. गेममध्ये ई.टी. सतत खड्ड्यात पडतो. वर येतो, पुन्हा पडतो. कंपनीने प्रचंड संख्येने कॅसेट बनवून ठेवल्या होत्या. १९८३च्या सप्टेंबरात न विकलेला आणि परत आलेला माल ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला. २६ एप्रिल २०१४ रोजी तो खड्डा उकरला तेव्हा सुमारे १३०० कॅसेट हाती लागल्या. त्यांत एकट्या ‘ई.टी.’च्या नव्हत्या, ‘सेंटिपीड’सारखे लोकप्रिय गेमही होते.

या गोष्टीतून वाईट गेमवरच्या समीक्षेची एक परंपराच तयार झाली. जेम्स रोल्फ या अमेरिकन माणसाने २००४पासून ‘अँग्री व्हिडिओ गेम नर्ड’ या रूपात जुने गेम खेळत, शिव्या देत व्हिडिओ केले. ते विनोदी आहेत, अभ्यासूही आहेत. पण त्यांचं माप ग्राहकाचं आहे: दिलेल्या पैशाचा मोबदला मिळाला का? नसेल तर माल परत करा, फेकून द्या, निदान जाहीर ओरडा. आपल्याकडे यातला एकही मार्ग खुला नव्हता. दुकानदार कॅसेट लावून दाखवायचा आणि म्हणायचा, “चालू बघून घ्या, नंतर मी जबाबदार नाही.” गेम चालू आहे एवढीच हमी असे. तो चांगला आहे अशी हमी कुणी दिलेलीच नव्हती.

निन्टेंडोचं मूळ फॅमिकॉम यंत्र जपानात जुलै १९८३मध्ये आलं. भारतात तेच ‘समुराई’ या नावाने विकलं गेलं. सेगाने १९९५मध्ये शॉ वॉलेस कंपनीशी करार करून आपली यंत्रं इथे आणली, कारण थेट आयातीवर ८० टक्के कर होता. तरी किंमत १८ हजार रुपयांच्या घरात गेली. हिंगोलीसारख्या ठिकाणी हे काही पोचलं नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन जिल्हा झालेल्या या गावात पोचली ती फॅमिकॉमची चिनी नक्कल. तिचं रूप कधी प्लेस्टेशनसारखं, कधी की-बोर्डसारखं, आतला मेंदू मात्र १९८३चाच. नांदेडच्या बाजारातून, रामलीला मैदानावर दसऱ्यात भरणाऱ्या प्रदर्शनातून आणि मामाच्या पिशवीतून ती घरोघरी आली.

तर त्या यादीतल्या निराशेचे तीन प्रकार करता येतात, आणि ते वेगळे ठेवणं गरजेचं आहे.

पहिला प्रकार: जो गेम मुळातच कमकुवत आहे. उदाहरण ‘अर्बन चॅम्पियन’, निन्टेंडो, १९८४. नाव भारदस्त. पडद्यावर एक रस्ता आणि दोन माणसं. ती एकमेकांना बुक्क्या मारतात. लाथ नाही, उडी नाही. वर मारायचं की खाली, जोरात की हळू, इतकाच निर्णय. मधूनच वरच्या खिडकीतून कुणीतरी कुंडी टाकतं, पोलिसांची गाडी आली की दोघं साळसूदपणे बाजूला होतात. शेवटी एकाला ढकलत ढकलत गटाराच्या झाकणापर्यंत न्यायचं आणि आत पाडायचं. मग पुढचा माणूस, तसाच. दहा मिनिटांत गेम संपतो आणि तरी चालूच राहतो.

पण कुंडी टाकणारं माणूस हा या गेममधला एकमेव चांगला विचार आहे. भांडणाला साक्षीदार आहेत आणि ते वैतागलेले आहेत. आमच्याकडे हा गेम ‘मारामारी’ या नावाने ओळखला जाई आणि जिंकण्याची अट बदललेली होती. जो कुंडी खाईल तो हरला. त्यामुळे बुक्क्या मारणं दुय्यम झालं आणि समोरच्याला खिडकीखाली उभं करणं हा खरा डाव झाला. मूळ गेममध्ये नसलेलं डावपेचाचं अंग त्या एका नियमाने आलं.

दुसरा प्रकार: गेम चांगला, पण भलत्या ठिकाणी आलेला. निन्टेंडोचा ‘माहजोंग’ (१९८३) हा त्याचा नमुना. जपानात ज्यांना हा खेळ येतो त्यांच्यासाठी तो कॉम्प्युटरशी खेळायचा साधा, नीट केलेला गेम आहे. सूचना जपानीत. हातात तेरा सोंगट्या, चौदावी उचलायची, एक टाकायची, हे खेळणाऱ्याला आधीच माहीत आहे असं धरलेलं. सेनगाव-कळमनुरीतल्या पोराने तो उघडला की हिरव्या पडद्यावर काठ्या, गोळे आणि चिनी अक्षरं दिसायची. बटण दाबलं की एक सोंगटी जायची. का गेली, कळत नसे. थोड्या वेळाने पडदा बदलायचा आणि आपण हरलेले असायचो.

इथे एक गोष्ट मांडायला हवी, जी स्मरणरंजनात हटकून गळते. घरात रिमोट दोन असले तरी एक बिघडलेला असायचा, आणि चांगला रिमोट व चांगला गेम मोठ्या मुलाकडे असे. कॉन्ट्रा त्यांचा. मोठे दमले, जेवायला गेले, क्रिकेटला गेले की उरलेला वेळ धाकट्यांचा आणि मुलींचा. तोही ‘ते कॉन्ट्राचं घालवू नकोस’ या अटीवर, कारण गेम सेव्ह करायची सोय नव्हती आणि मोठ्यांनी आठव्या लेव्हलला थांबवून ठेवलेलं असायचं. ते नसेल तेव्हाही त्यांना यादीतला तळाचा भागच यायचा. निराश करणारे गेम कुणाच्या वाट्याला आले, याचं उत्तर घरातल्या वाटणीतच आहे.

माझ्या मावशीच्या मुलीने ‘माहजोंग’चे नियम बनवले होते. गोळ्यांची सोंगटी आली तर गोळे मोजून तेवढे गुण. काठ्या आल्या तर तेवढे वजा. चिनी अक्षर आलं तर रिमोट पुढच्याकडे. अधूनमधून कॉम्प्युटर आपला आपण जिंकायचा आणि डाव अचानक मोडायचा. त्या क्षणी वहीत ज्याचे गुण जास्त, तो विजयी. डाव कधी मोडेल हे कुणालाच माहीत नसल्याने पुढे असलेल्याचा जीव टांगणीला आणि मागे असलेल्याची घाई. खेळाची रचना करणारी माणसं ज्याला ताण म्हणतात तो हाच. चौघं-पाच जणं एका रिमोटवर खेळू शकत. कॉन्ट्रात दोनच.

हिची तुलना मी ‘ई.टी.’शी मुद्दाम करतो. काही वर्षांपूर्वी एका चाहत्याने ‘ई.टी.’चा मूळ कोड तपासला. ई.टी.चं डोकं जरी खड्ड्याच्या कडेला लागलं तरी यंत्र त्याला पडलेला धरतं, ही खरी अडचण त्याने शोधली, मोजके बाइट बदलून ती दूर केली आणि सगळ्यांसाठी खुली केली. त्याचं योग्य ते कौतुक झालं. मावशीच्या मुलीकडे कोड नव्हता, तो वाचायची साधनं नव्हती. तिने कॅसेटला हात न लावता तेच काम वहीत केलं. दोन्ही दुरुस्त्याच आहेत. मी रोज कोड दुरुस्त करून पगार घेतो, आणि दुसरी दुरुस्ती मला जास्त अवघड वाटते: तिला न कळणाऱ्या यंत्राभोवती कळणारा खेळ उभा करायचा होता.

तिसरा प्रकार निव्वळ फसवणुकीचा. यादीत पहिल्या पानावर रोड फायटर. चौथ्या पानावर वेगळ्याच नावाचा गेम, उघडला तर रोड फायटर. हे कसं करत ते समजून घेण्यासारखं आहे. कॅसेटच्या चिपमधले मोजके गेम कप्प्याकप्प्याने ठेवलेले असतात आणि सुरुवातीचा मेनू हा एक छोटा प्रोग्राम असतो. तुम्ही ४७ नंबर निवडलात की तो योग्य कप्पा पुढे करतो आणि जमलं तर यंत्राच्या दोन किलोबाइट मेमरीत सुरुवातीची लेव्हल किंवा जिवांची संख्या बदलून ठेवतो. म्हणजे तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा कॉन्ट्रा हा ‘नवा गेम’. ज्याने हे लिहिलं त्या अनामिक माणसाला यंत्र चांगलंच कळत होतं. त्याची कला थाप मारण्याच्या कामी आली, एवढंच.

आणि तरी या थापेचा उपयोग झाला. ज्यांना तिसरी लेव्हल कधीच गाठता आली नसती त्या धाकट्यांना यादीतल्या ‘खोट्या’ गेममुळे ती दिसली. कोणत्या नंबरवर काय उघडतं, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची पद्धत होती. लोडशेडिंगमुळे खेळायला मिळणारे तास मोजके, त्यात ही यादी पाठ असलेल्या पोराला भाव असे. फसवणुकीची अनुक्रमणिका करणं हे मालकांनी केलेलं पहिलं काम.

दुसरं काम म्हणजे कॅसेट उघडणं. चार स्क्रू काढले की कळायचं, डबीचा बहुतेक भाग रिकामा आहे. बोटाएवढी पाटी आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा एक थेंब. चिपही दिसत नाही, ती त्या थेंबाखाली. लेबलवरचा आकडा आणि आतला थेंब यांतलं अंतर ज्याने पाहिलं, त्याला ‘डबल टन धमाका’ छाप जाहिरातीचं वेगळं शिक्षण द्यायची गरज उरली नाही.

तिसरं काम खपवणं. जुनी कॅसेट आणि वर थोडे पैसे देऊन दुकानात दुसरी मिळायची. दुकान नसेल तिथे शाळा होती. आठवीतला पोरगा सहावीतल्याला कॅसेट विकताना लेबलवर बोट ठेवायचा आणि तोच आकडा वाचून दाखवायचा. ज्याच्यामुळे आपण फसलो त्याच वाक्याने पुढच्याला फसवायचं. मालकांच्या कल्पकतेचं कौतुक करताना हेही मोजायला हवं. एकाने नियम बनवले, दुसऱ्याने गिऱ्हाईक शोधलं, आणि बरेचदा पहिल्याकडे कॅसेट आली ती दुसऱ्याकडूनच.

या तिन्ही प्रकारांत न बसणारा एक गेम यादीत होता, त्याच्यामुळे बाकीच्यांची उणीव नेमकी कळते. नाम्कोचा ‘बॅटल सिटी’ (१९८५), आपला रणगाडा. प्रत्येक लेव्हलला शत्रूचे वीस रणगाडे, अशा पस्तीस लेव्हल. पण पहिल्याच पडद्यावर ‘कन्स्ट्रक्शन’ असा पर्याय होता: विटा, लोखंड, पाणी, झाडी मांडून स्वतःचं मैदान बनवा. विटांनी आपल्या नावाचं आद्याक्षर काढून मग त्याच्यावरच तोफा डागायचा खेळ चालायचा. शिवाय सोबत्याला गोळी लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ गोठतो. त्यामुळे भांडणाला जागा होती आणि भांडण मिटायलाही. इतर गेममध्ये पोरांना जे बाहेरून घालावं लागलं, ते इथे बनवणाऱ्यानेच आत ठेवलं होतं.

हे आत्ता लिहायचं कारण, तोच आकडा परत आलाय. टीव्हीच्या मागे खोचायच्या गेम स्टिक ‘दहा हजार गेम’ अशा लेबलने ऑनलाइन विकल्या जातात आणि त्या घेतात माझ्या वयाची, नोकरीला लागलेली माणसं. यादी उघडली की तोच गेम वेगवेगळ्या नावांनी दिसतो. फरक इतकाच, की आता पडद्यावर पाच मिनिटांत दुसरं काहीतरी लावता येतं, त्यामुळे वाईट गेमजवळ कुणी थांबत नाही आणि नवे नियम जन्माला यायचं कारणच राहत नाही. निराशा हवी असं मी म्हणत नाही. ज्यांना पर्याय नव्हता त्यांच्या गरजेचं गोडवे गाणं सोपं असतं, विशेषतः ज्याच्याकडे चांगला रिमोट होता त्याला.

जगभरातल्या हौशी लोकांनी या नकली कॅसेटमधला कोडसुद्धा काढून जपून ठेवला आहे. कुठल्या यादीत कोणता गेम किती वेळा आला, हे आज शोधता येतं. वहीतले नियम मात्र कुठेच नाहीत. ‘माहजोंग’मध्ये काठ्या वजा करायच्या, ‘मारामारी’त कुंडी खाणारा हरला, हे कोडमध्ये सापडणार नाही. जे खेळले त्यांनी लिहून ठेवलं तरच ते राहील, आणि त्यासाठी आधी विचारायला हवं ते धाकट्यांना आणि बहिणींना.