‘चोरटी’ अफू : एका शीर्षकाची चिकित्सा

अमर फारुकी यांचा ‘स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्शन’ हा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. माळव्याच्या अफूचा चोरटा व्यापार हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीस एतद्देशीय व्यापाऱ्यांनी दिलेले आव्हान होते व त्याच्या नफ्यावर मुंबईच्या देशी भांडवलाची उभारणी झाली, हा त्यातील मुख्य सिद्धान्त होय. तो भक्कम आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप शीर्षकातील पहिल्याच शब्दाविषयी आहे.

‘चोरटा’ हे विशेषण मालावरून ठरत नाही, कायद्यावरून ठरते. बंगालमधील अफूची मक्तेदारी कंपनीने १७७३ मध्ये हाती घेतली. माळव्याचा मोठा भाग मात्र शिंदे-होळकरांच्या अमलाखाली होता. उज्जैनच्या सावकाराने पाली-कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला माल धाडला, तर त्याने आपल्या दरबाराचा कोणता नियम मोडला? १८३० च्या सुमारास कंपनीने परवान्याची पद्धत सुरू केली आणि शुल्क भरलेली तीच पेटी मुंबई बंदरातून राजरोस रवाना होऊ लागली. चीनच्या कायद्याने मात्र बंगालची काय नि माळव्याची काय, दोन्ही अफू निषिद्धच होती. म्हणजे ‘स्मगलिंग’ हा शब्द जेथे निर्विवाद लागू पडतो ते स्थळ कँटन होय. आणि तेथे कंपनी व तिला आव्हान देणारे व्यापारी एकाच बाजूस उभे दिसतात. ‘सबव्हर्शन’ या शब्दातील गौरवाची छटा त्यामुळे पुष्कळच फिकी पडते.

मक्तेदाराची परिभाषा किती दूर जाते, हे जपानी साम्राज्यात पाहावे. १८९५ मध्ये तैवान हाती आल्यावर जपानने १८९७ मध्ये तेथील अफू सरकारी मक्तेदारीत आणली. परवानाधारक व्यसनी लोकांना ती सरकारच विकी. धोरणाचे नाव मात्र ‘झेंकिन’, म्हणजे क्रमशः बंदी! महसूल तिजोरीत पडतच राहिला. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या मांचुकुओतही हाच साचा वापरला गेला.

(जाता जाता : जपानी ‘आहेन’ व संस्कृत ‘अहिफेन’ यांच्या साम्यावर भाळू नये. पहिला शब्द चिनी लिप्यंतरातून आला. दुसरा अरबी ‘अफ्यून’वर ‘सापाचा फेस’ हा अर्थ लादून घडविलेला. मुळाशी दोहोंच्या ग्रीक ‘ओपिऑन’च आहे. आपला ‘अफू’ही त्याच कुळातला.)

बुलढाण्याच्या अभ्यासकास माळवा परका नाही. मधे काय ते सातपुडा नि विंध्य. शिंदे-होळकरांची मोडी दप्तरे वाचताना अफूच्या मालास, वाटेवरील जकातीस व परवान्यास कारकुनाने कोणता शब्द योजला आहे, याची नोंद त्याने प्रथम करावी आणि मगच त्याला इंग्रजी प्रतिशब्द द्यावा.