सुताची चौकट

चित्रासंबंधी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, मूर्तीसंबंधी त्याहूनही अधिक. परंतु चित्राभोवती जी चौकट असते तिच्या वाट्याला समीक्षकाची नजर क्वचितच येते. त्यातून ती चौकट घरात बसून लोकरीने किंवा सुताने गुंडाळलेली असेल, तर तिला 'दुपारचा उद्योग' म्हणून बाजूला सारण्याकडेच आपला कल असतो. प्रस्तुत लेखात या उपेक्षित वस्तूचा कलावस्तू म्हणून थोडा विचार करावयाचा आहे. कौतुक करणे हा हेतू नाही. या चौकटींतील बऱ्याचशा वाईट असतात, आणि त्या का वाईट असतात हे नीट सांगितल्याशिवाय चांगल्या चौकटीचे चांगलेपण कळणार नाही.

बैहर हे बालाघाट जिल्ह्यातील, पठारावरचे तहसिलीचे गाव. सालवनांचा हा मुलूख. कान्हाच्या अभयारण्याचे मुक्कीचे प्रवेशद्वार याच बाजूला. गोंड आणि बैगा यांची ही भूमी. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तथापि शेजारच्या भंडाऱ्याशी असलेले या जिल्ह्याचे नाते एका सरकारी सीमारेषेने तुटावे इतके नवे नव्हते. अशा गावातील मराठी घराच्या भिंतीवर काय असते? देवाची तसबीर, कुलदेवतेचे एखादे छापील चित्र, आणि वडीलधाऱ्यांची छायाचित्रे. भोवती लाकडाचे रान असूनही बाजारात तयार चौकट मिळते ती प्लास्टिकची, नाही तर भुसा दाबून केलेल्या पट्टीची. आणि तीही ठराविक मापाची. सहा बाय आठ, आठ बाय दहा, दहा बाय बारा. ज्या चित्राचे माप यांपैकी एकाशीही जुळत नाही त्याचे काय होते?

ते कापले जाते. या साऱ्या विषयाचा गाभा मला येथे दिसतो. जुन्या सामूहिक छायाचित्रात कडेला उभ्या असलेल्या माणसाचा हात कोपरापासून गेलेला दिसला की तो छायाचित्रकाराचा दोष असे आपण समजतो. पुष्कळदा तो कात्रीचा असतो. एका परिचितांच्या घरी मंगेशाचे जुने छापील चित्र चौकटकाराकडे गेले आणि परत आले ते खालची अक्षरांची ओळ गमावून. चित्र कोठे व कधी छापले हे त्या ओळीत होते. चौकटकाराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्याजवळ पट्टी होती ती दहा इंचांची. चौकट आधी आणि चित्र मागाहून, असा हा उलटा व्यवहार आहे. सुताच्या चौकटीचा पहिला गुण म्हणजे ती हा व्यवहार सुलट करते. चित्र समोर ठेवावयाचे, त्याचे माप घ्यावयाचे, आणि त्या मापाची चौकट रचावयाची. शिंपी अंगाचे माप घेतो तसे.

रचना सोपी आहे. चार सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या घ्याव्या. बाहेरचे माप वीस बाय पंचवीस सेंटिमीटर धरले, तर दोन पट्ट्या पंचवीसच्या आणि दोन बाराच्या, मिळून ७४ सेंटिमीटर लांबी होते. दोन मिलिमीटर जाडीच्या लोकरीचे एका सेंटिमीटरला पाच वेढे बसतात. एका वेढ्याला साधारण साडेआठ सेंटिमीटर धागा लागतो. हिशेब केला तर ३७० वेढे आणि एकतीस-बत्तीस मीटर धागा. या जाडीच्या ५० ग्रॅमच्या गुंडीत १०० ते १२० मीटर धागा असतो; म्हणजे एका गुंडीत तीन चौकटी होतात. खर्च इतका किरकोळ आहे की काटकसर हे वाईट कामाचे निमित्त होऊ शकत नाही.

आता दोषांकडे. सर्वांत मोठा दोष कोपऱ्याचा. अखंड पुठ्ठा आतून कापून जी चौकट करतात तिच्या चारही बाजू बिनतक्रार गुंडाळल्या जातात, पण चार कोपऱ्यांचे चार चौकोन उघडे राहतात. ते तिरप्या वेढ्यांनी झाकू गेल्यास सारे धागे आतल्या एका टोकावरून जातात. तेथे गाठोडे होते आणि बाहेरच्या कडेला पंख्यासारखी फट पडते. मग काय करतात? त्यावर लोकरीचा गोंडा चिकटवतात, नाही तर कापडी फूल. कोपरा हे चौकटीचे हाड आहे. तेच लपविले की शिल्लक राहते ती सजावट. आजकाल पाहून-पाहून शिकण्याची जी सोय झाली आहे तिने गोंड्यांचे पीक फार वाढले. चार कोपऱ्यांत चार गोंडे, मध्ये नावाची अक्षरे, वर एक फुलपाखरू. आणि या गर्दीत मधले छायाचित्र कोणाचे आहे हे शोधावे लागते. दुसरा दोष ताणाचा. धागा घट्ट ओढला की पुठ्ठा वाकतो. पावसाळ्याच्या दमटपणात तर तो होडीसारखा होतो. सैल सोडला तर वेढे घसरतात.

या दोन्हींवरचा उपाय बैहरच्या परिसरात हाताशी आहे, तो म्हणजे बांबू. पुठ्ठ्याऐवजी चार कामट्या घ्याव्या, खिडकीच्या गजांप्रमाणे त्यांची टोके एकमेकींवरून थोडी बाहेर जाऊ द्यावी, आणि जेथे दोन कामट्या एकमेकींस ओलांडतात तेथे धागा एकेका टोकाला वेढा देत फिरवावा. पाहता पाहता तेथे एक तिरपा चौकोन तयार होतो, एकात एक गुंफलेला. कोपरा झाकला जात नाही, बांधला जातो. जे बांधकाम आहे तेच नक्षी होते. ही गुंफण जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोतील विचोल या आदिवासींनी फार निगुतीने जपली आहे. फुलीसारख्या बांधलेल्या काटक्यांवर लोकर गुंफून ते जी वस्तू करतात तिला स्पॅनिशमध्ये 'देवाचा डोळा' म्हणतात. लहान मुलांच्या रक्षणाची भावना तिच्यामागे असते. याच लोकांनी पुढे लाकडी फळीवर मेण पसरून त्यात रंगीत धागा बोटाने दाबीत जाऊन संपूर्ण चित्रेच काढली. तेथे चौकट आणि चित्र यांतला भेदच मावळतो. आपल्याला तेथवर जाण्याचे कारण नाही. परंतु धागा हा कडेला बसविण्याचाच पदार्थ आहे असे मानणे कोते आहे, एवढे त्यावरून दिसते.

कोणी म्हणेल, देवाच्या चित्राभोवती ही लोकर कशाला? हा प्रश्न आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात आला असेल, म्हणून त्याचा विचार सविस्तर करतो.

देव आणि सूत यांचा संबंध आपल्या घरांत नवा नाही. पूजेला बसण्यापूर्वी कापसाची वस्त्रे करणारी आजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावयास नको. मांडीवर कापूस वळून, बोटाला किंचित दूध किंवा पाणी लावून, मण्यामण्याची वस्त्रमाळ ती करी आणि मधे कुंकवाचे बोट लावी. आणि ती करताना मूर्ती केवढी आहे हे तिच्या मनात असे. बाळकृष्णाची माळ गणपतीला चालत नसे. श्रावणात देवाला अर्पण होणारी पवित्रे ही तर गाठी मारलेली सुतेच. श्रावणी पौर्णिमेला आमच्या कोंकणीत 'सुतांपुनव' असे सुंदर नाव आहे. तेव्हा सुताने देवाला वेढावे ही कल्पना परकी नव्हे. परकी आहे ती तिची बाजारू ढब.

आणि चौकट? देवळातल्या मूर्तीमागची प्रभावळ ही एक चौकटच आहे. पण ती मूर्तीला बंद करीत नाही. खाली उघडी राहते, वर कीर्तिमुखाशी मिटते, आणि नजर पुन्हा मूर्तीच्या मुखावर आणून सोडते. गोमंतकातील देवळांत नवरात्रात जे मखर होते त्याची गोष्ट आणखी वेगळी. तेथे उत्सवमूर्ती सजविलेल्या मखरात बसते आणि कीर्तनाच्या सुरांवर, वाद्यांच्या ठेक्यावर ते सबंध मखर झुलविले जाते. आकाराने मखर मूर्तीहून कितीतरी मोठे, रंगाने कितीतरी भडक. तरीही मूर्ती हरवत नाही. याचे कारण मला असे वाटते की मखराला आपण तात्पुरते आहोत याची जाण असते. रात्रीगणिक त्याची सजावट बदलते. उत्सव सरला की ते उतरते. भडकपणाला मुदत असली की तो खपतो. भिंतीवर बारा महिने टांगलेल्या चौकटीला ही सवलत नाही.

अलंकरणाचा मोह किती दूर नेतो याची दोन उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघर पोहोचल्यावर अनेक घरांतील स्त्रियांनी त्यांवर जर, टिकल्या आणि खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवून देवीला लुगडे नेसविले. शुद्ध कलेच्या दृष्टीने हा अत्याचार. पण त्यांतली चांगली चित्रे पाहताना आपला विरोध ढिला पडतो. कारण तेथे चेहरा आणि हात यांना कोणी धक्का लावलेला नसतो. दुसरे उदाहरण तंजावरचे. भोसल्यांच्या राज्यात वाढलेल्या त्या चित्रशैलीत सोन्याचा वर्ख, काचेचे खडे आणि उठावाचे काम यांची रेलचेल आहे. परंतु ती बहुतेक सारी देवाभोवतीच्या कमानीवर, खांबांवर आणि दागिन्यांवर एकवटलेली. बाळकृष्णाचे अंग मात्र गुळगुळीत, मोकळे. चित्रकाराने चौकट चित्राच्या आत घेतली आणि तिच्यावर हवा तेवढा खर्च केला. ज्यांना सुताच्या चौकटीवर हात मोकळा सोडावयाचा आहे त्यांनी या चित्रांपुढे काही वेळ उभे राहावे.

पदार्थाचा विचार येथेच करून टाकतो. दुकानात 'लोकर' म्हणून जी गुंडी मिळते ती बहुधा लोकर नसतेच. ते ॲक्रिलिक असते. सोवळ्यासाठी धाबळी चालविणाऱ्या परंपरेने लोकरीला जो मान दिला तो या कृत्रिम धाग्याला लागू करावा का, हे ज्याने त्याने आपल्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवावे. परंतु एक गोष्ट रीतीवर अवलंबून नाही. खरी लोकर ज्वाळेत धरली तर चटकन पेट घेत नाही, करपते आणि ज्वाळा दूर होताच बहुधा विझते. ॲक्रिलिक पेटते, वितळते आणि ठिबकते. सूतही चटकन पेटते. देवघरात समई आणि निरांजन यांच्या जवळपास असली चौकट टांगणे हा अविचार आहे, मग ती कितीही भक्तिभावाने केलेली असो. लोकरीला कसर लागते हेही ध्यानात असावे. वर्षातून दोनदा ऊन दाखविले पाहिजे.

काचेविना राहणारे छायाचित्र धुळीने खराब होते असा आक्षेप घेतात, तो रास्त आहे. पण काचही निर्दोष नाही. पावसाळी हवेत जुने छायाचित्र काचेला चिकटते आणि सोडवू गेल्यास चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहतो. ज्या घरात एखाद्या पणजीचे एकच छायाचित्र आहे तेथे हे नुकसान भरून येण्यासारखे नसते. म्हणून मूळ छायाचित्र पाकिटात नीट जपून, त्याची प्रत चौकटीत लावणे हे उत्तम.

रंगाविषयी मात्र मला आग्रहाने सांगावयाचे आहे. मंडला-दिंडोरीकडच्या गोंडांच्या घरांच्या भिंतींवर आणि अंगणात 'ढिगना' नावाची भूमितीय रेखाटने असतात. मोजक्या रंगांत, कडेकडेने फिरणारी, घरालाच चौकट घालणारी. याच परंपरेच्या मातीतून पाटणगढचे जनगढसिंह श्याम हे चित्रकार उभे राहिले. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा अंत झाला, पण त्यांच्या मागे एक सबंध चित्रपरंपरा वाढीस लागली. ढिगना पाहिल्यावर गुलाबी, पोपटी आणि जांभळा हे तीन रंग एका चौकटीत कोंबण्याची इच्छा आपोआप मावळते. बैहरच्या मराठी गृहिणीने नमुन्यासाठी दूर पाहण्याचे कारण नाही. या प्रांतात जाडी लुगडी विणणारे पनका आहेत, ज्यांत कबीराचे अनुयायी पुष्कळ; आणि कबीर स्वतः विणकरच होता, हा योगायोग मनाला सुखावतो. खाली वारासिवनीचे हातमाग आहेत. मागावरून कापड उतरविताना उभ्या धाग्यांची जी टोके उरतात ती चौकटीला उत्तम. हात-दीड हात लांबीचा तुकडा मागच्या बाजूला डिंकाने टेकवून पुढचा जोडता येतो, आणि जोड पुढून दिसत नाही.

सुताच्या चौकटीजवळ आणखी एक गुण आहे जो लाकडाजवळ नाही. ती उसवता येते. घरात लग्न निघाले, तसबीर माजघरातून ओटीवर आली, तर जुने वेढे सोडून नवे घालता येतात, कामट्या त्याच. मखराची तात्पुरती श्रीमंती आणि वस्त्रमाळेची मापाशी इमानदारी, दोन्ही तिला साधता येतात. मात्र तिच्या कर्त्याने चित्राकडे पाहिले पाहिजे. तपकिरी पडलेल्या जुन्या छायाचित्राभोवती मी तरी न रंगविलेले, कोरे सूत पसंत करीन. त्यात आतल्या कडेला एकच वेढा काळा. छापील देवीच्या चित्राला कुंकवाचा गडद लाल चालतो, पण तो लुगड्याच्या लालाशी जुळविण्याच्या भरीस पडू नये. छपाईचा लाल आणि सुताचा लाल शेजारी ठेवले की छपाईचा फिकट पडतो. तेथे हळदीचा पिवळा घ्यावा.