दोन मिनिटांची मुभा

केन लोच यांच्या ‘सॉरी वी मिस्ड यू’ (२०१९) या सिनेमात एक यंत्र आहे. डिलिव्हरीवाले त्याला ‘गन’ म्हणतात. पार्सल स्कॅन करणं, गाडीचा माग ठेवणं आणि ड्रायव्हर व्हॅनपासून दोन मिनिटांहून जास्त वेळ लांब राहिला की बीप करणं, ही त्याची कामं. सिनेमा पाहताना मी त्या दोन मिनिटांपाशीच अडकले. कारण तसा एक आकडा मी स्वतः टाइप केलाय.

गोष्ट न्यूकॅसलची, म्हणजे जगातल्या श्रीमंत देशांपैकी एकातली. रिकी टर्नर बांधकामावर राबलेला माणूस. २००८च्या आर्थिक संकटात काम आटलं, स्वतःचं घर हुकलं, कर्ज तेवढं राहिलं. डेपोत त्याला सांगतात की तू नोकर नाहीस, तूच तुझा मालक. मालकाला व्हॅन लागते. तिच्या डिपॉझिटसाठी बायकोची, ॲबीची, गाडी विकली जाते. ॲबी म्हाताऱ्या-आजारी माणसांची घरोघरी जाऊन सेवा करते. पैसे भेटीमागे मिळतात, प्रवासाचा वेळ तिचा तिने सोसायचा. आता ती बसस्टॉपवर उभी. नवऱ्याच्या ‘मालकी’चा पहिला हप्ता तिने भरला.

त्याच वर्षीच्या ‘पॅरासाइट’मध्ये बंगला आणि तळघर आमनेसामने येतात. इथे श्रीमंत माणूस जवळपास दिसतच नाही. लोच आणि पटकथाकार पॉल लॅव्हर्टी दाखवतात ते एवढंच, की कोणाचा वेळ मोजला जातो आणि कोणाचा नाही. लघवीसाठी सहकारी रिकीच्या हातात प्लास्टिकची बाटली ठेवतो, तेव्हा तो आधी हसण्यावारी नेतो. एका शनिवारी तो धाकट्या लायझाला व्हॅनमधून सोबत नेतो. सिनेमातला हा सगळ्यात मोकळा दिवस. मग तक्रार येते आणि तेही बंद. व्हॅन त्याची, मुलगी त्याची, नियम मात्र दुसऱ्याचे. ‘मालक’ हा शब्द किती पोकळ आहे, ते या एका प्रसंगात कळतं.

उत्तरार्धात मात्र लोच घाई करतात. मुलाच्या शाळेतलं प्रकरण, चोरी, हरवलेल्या किल्ल्या, मारहाण अशी संकटांची रांगच लागते. आपल्याला वाटू लागतं, बिचाऱ्यांचं नशीबच फुटकं. पण कोणी मारलं नसतं तरी रिकी बुडालाच असता. हा हिशेब नशिबावर चालत नाही, आणि सिनेमा तो झाकून टाकतो. डेपोचा मॅनेजर मलोनीही तसाच. आडदांड, त्यामुळे राग काढायला सोयीचा. पण तोही त्या गनचंच ऐकतो. गनमध्ये दोनाचा आकडा कोणी घातला, हे सिनेमा विचारत नाही.

मी सांगू शकते. काही वर्षांपूर्वी मी डिलिव्हरी गाड्यांच्या ट्रॅकिंगवर काम करत होते. गाडी किती वेळ थांबली की अलर्ट पाठवायचा, असा प्रश्न मीटिंगमध्ये आला. कोणीतरी म्हणालं, पाच मिनिटं ठेवू. मी कॉन्फिगमध्ये ५ टाकले, रिव्ह्यू झाला, रिलीज झालं. त्या खोलीत कोणी मलोनी नव्हता. सगळी चांगली माणसं होती, मला रजा हवी असली तर देणारी. फक्त ‘टॉयलेट’ हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही. आमचं टॉयलेट वीस पावलांवर होतं.

शेवटाकडे मार खाल्लेला रिकी हॉस्पिटलात बसलाय. फुटलेल्या गनचे हजार पौंड भरावे लागतील, असं मलोनी फोनवर सांगतो. सिनेमाभर कोणाला वावगं न बोललेली ॲबी फोन हिसकावून त्याला शिव्या घालते, आणि पुढच्याच क्षणी आपण शिव्या दिल्या म्हणून तिला लाज वाटते. लाज वाटते ती तिलाच. हा प्रसंग मी तीनदा पाहिला.

२०२१मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या ड्रायव्हरांना ‘कामगार’ मानलं, त्यामुळे किमान वेतनाचा आणि भरपगारी रजेचा हक्क त्यांना मिळाला. शब्द बदलला, हे मोठंच काम झालं. आकड्यांकडे मात्र न्यायालय रोज बघायला येणार नाही. ते टाइप करणाऱ्यांनीच बघायचं असतं. मी तो प्रोजेक्ट कधीच सोडला. माझे ५ बहुधा अजून तिथेच असतील. ते बदला म्हणून मी तिकीट टाकलं नव्हतं.