तळव्यांनी ऐकायचं

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या लागण्याआधी हलगीवाले कडेला जाळ करून हलगी शेकून घेतात. कातडं ताणलं की टिपरीचा पहिला घाव आधी छातीत बसतो, मग कानात. गर्दीत मागं सापडलं तर पैलवान दिसत नाहीत, पण डाव रंगात आलाय हे हलगीच्या चालीवरून कळतं. अंगानं ऐकणं कोल्हापूरला कुणी शिकवायला नको.

तरी गॅलरीतलं ‘साउंड इन्स्टॉलेशन’ आपण बघूनच येतो. शिल्पा गुप्तांनी 100 कवींच्या ओळी 100 लोंबत्या मायक्रोफोनमधून ऐकवल्या. त्यात मायक्रोफोनचाच स्पीकर झालेला. कोची बिनालेत 2018 साली ही कलाकृती होती. अंधारात कुजबुज कधी मागून येते, कधी डोक्यावरून. काम अव्वल आहे. पण ज्याला मुळात ऐकूच येत नाही, त्याचं काय?

याचं उत्तर क्रिस्टीन सन किमकडे आहे. 1980 साली कॅलिफोर्नियात जन्मलेली ही जन्मतः बहिरी कलावंत चित्रं काढते, सादरीकरण करते आणि ध्वनी हेच तिचं माध्यम आहे. ‘गेम ऑफ स्किल 2.0’मध्ये प्रेक्षकानं हातातलं यंत्र वर ताणलेल्या पट्टीला टेकवून चालायचं. चाल जमली तर आवाज नीट उमटतो, नाहीतर ओढला जातो, तुटतो. ऐकू येणारा माणूस तिथं अडखळतो, घामाघूम होतो. ऐकणं फुकट मिळत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक, आपल्याला त्या पट्टीखाली कळतं. तिचं अपंगत्व इथं विषय म्हणून येत नाही, ते कामाची रीत होऊन येतं. अनवाणी उभं राहून तळव्यांनी कंपनं टिपणाऱ्या बहिऱ्या तालवादक एव्हलिन ग्लेनींचंही तेच.

आपली समीक्षा मात्र ‘जिद्द’ या शब्दापाशी थांबते. स्वागत थोरातांनी 19 अंध कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक बसवलं, तेव्हा मला वाचायचं होतं ते वेगळंच: न बघता जागा धरणाऱ्या नटांमुळे मंचावरचं अंतर, शांतता, पावलांचा आवाज कसा बदलला? कौतुक भरपूर झालं, पण कौतुकानं कलेचं काहीच कळत नाही.

आणि कोल्हापूर तर गायक अल्लादियाखाँचं! तरुणपणी अतिगायनानं त्यांचा आवाज गेला, दोनेक वर्षांनी परतला तो जड होऊन, अशी घराण्यातली हकीकत. 1895च्या सुमारास ते शाहू महाराजांच्या पदरी आले, ते याच दुसऱ्या आवाजानिशी. लयीला बिलगून वळसे घेणारी तान, आकाराचा दमसास, जोडरागांची गुंफण हे सगळं त्या कंठातून घडलं. आपण म्हणतो, ‘आवाज गेला, तरी गायले.’ मी म्हणेन, आवाज गेला म्हणून असे गायले. अभ्यासकांनी भांडावं, हरकत नाही. पण भांडण गाण्याबद्दल असावं, सोसण्याबद्दल नको.

खासबागेला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह 1915चं. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री जळालं. ते पुन्हा उभारताना खुर्च्या, पडदे, वातानुकूलन यांवर बोलणं होणारच. मला एवढंच विचारायचंय, की चाकाच्या खुर्चीवरचा गायक विंगेतून मंचावर कुठून येणार, आणि बहिऱ्या रसिकाच्या पायाखाली लाकूड असणार की काँक्रीट?