रिकामं आणि मोकळं : वेबसाइटवरचा जपान

फर्दापुरात जपानविषयी बोलायला फार लांबून सुरुवात करावी लागत नाही. अजिंठा-वेरूळ परिसराच्या विकासासाठी जपानने कर्ज दिलं, त्यातून इथलं अभ्यागत केंद्र उभं राहिलं आणि १, २, १६, १७ या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे आल्या. त्याआधी, १९१७-१८ च्या सुमारास, अराई काम्पो हे जपानी चित्रकार लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून गेले होते.

आज बोलायचंय ते वेगळ्या जपानबद्दल. हॉटेल, होमस्टे, टूर कंपनी, कुणाचीही नवी वेबसाइट उघडा. पांढरंशुभ्र पान, मधोमध चार शब्द, मागे एक मोठा फोटो. विचारलं तर उत्तर येतं, ‘जपानी पद्धत आहे.’ आणि मग तीन शब्द ऐकू येतात : मा, कान्सो, वाबी-साबी. हे शब्द खरे आहेत, मोलाचे आहेत. वापर कसा होतो ते बघू.

आधी ‘मा’. याचा अर्थ बहुतेक जण ‘रिकामी जागा’ असा घेतात. वास्तुविशारद अराता इसोझाकी यांनी १९७८ साली पॅरिसमध्ये याच कल्पनेवर प्रदर्शन भरवलं होतं, आणि त्यात अवकाशाइतकाच काळाचाही विचार होता. दोन गोष्टींमधलं अंतर, दोन क्षणांमधलं थांबणं, दोन्ही ‘मा’. आपल्याला हे परकं नाही. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते. तिथे डग्ग्याचा घुमारा थांबतो, पण ताल सुटत नाही. उलट त्या खालीमुळेच ऐकणाऱ्याला कळतं की आपण कुठे आहोत, सम किती लांब आहे. आता सांगा, ज्या पानावर बोट कुठे ठेवायचं तेच कळत नाही, तिथल्या पांढऱ्या जागेला खाली म्हणायचं का? ते नुसतं रिकामं झालं. मोकळं नाही झालं.

दुसरा शब्द ‘कान्सो’, म्हणजे साधेपणा, अनावश्यक ते काढून टाकणं. इथे मोठी गंमत आहे. डोळ्यांना साधं दिसणारं पान वजनाला साधं असेलच असं नाही. मागचा तो भव्य फोटो, सरकणारी अक्षरं, त्यांच्यासाठी लागणारा कोड, हे सगळं मोबाइलवर उतरायला डेटा लागतो, वेळ लागतो. एसटीत बसून, रेंज येत-जात असताना एखादं कुटुंब ते पान उघडतं, तेव्हा त्यांना काय हवं असतं? लेणी सोमवारी बंद असतात, हे. आपली गाडी टी-पॉइंटला लावून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचंय, हे. आजींना पायऱ्या झेपतील का, डोली मिळते का, हे. नेमकं हेच ‘जागा अडते’ म्हणून तिसऱ्या पानावर ढकललेलं असतं. मग मंडळी सोमवारी येऊन उभी राहतात. अशा वेळी साधेपणा कुणाच्या वाट्याला आला? बनवणाऱ्याच्या. त्रास पाहुण्याच्या वाट्याला.

आणि खुद्द जपानात काय आहे? याहू जपानचं मुखपृष्ठ बघा. दुव्यांनी, बातम्यांनी गच्च भरलेलं. ते सुंदर आहे असं मी म्हणत नाही. पण जपानी म्हणजे रिकामं, हे समीकरण तिथल्या रोजच्या वापरातून आलेलं नाही, एवढं नक्की.

तिसरा शब्द ‘वाबी-साबी’. झिजलेल्या, अपुऱ्या, साध्या वस्तूतलं सौंदर्य. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी चहाविधीला जे वळण दिलं, त्याच्याशी ही दृष्टी जोडलेली आहे. वेबसाइटवर तिचं काय होतं? जुन्या कागदाचा पोत मागे लावला की झालं! हे वय नाही, वयाचं सोंग आहे. असल्या वरच्या थराचं काय होतं ते अजिंठ्याला विचारा. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी यांना बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी जागेवर बसवला, हे मोठंच काम. पण चित्रांवर लाखेचं वार्निशही चढलं. ते पुढे पिवळं पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या लोकांना उतरवत बसावं लागलं.

वेबसाइटलाही खरं वय असतं, बरं का. तिकिटाचा दर बदलतो, बसची वेळ बदलते, पान तसंच राहतं. तिथे ‘ही माहिती अमुक तारखेला तपासली’ अशी एक ओळ लिहिणं, हा माझ्या मते कागदाच्या पोतापेक्षा जास्त खरा वाबी-साबी. आपलं जुनेपण न लपवणं, एवढाच त्याचा अर्थ.

या शैलीचं एक श्रेय मात्र द्यायला हवं. उड्या मारणाऱ्या जाहिराती, लुकलुकणारे बाण, पाच रंगांची अक्षरं तिने घालवली. हे थोडं काम नव्हे. तक्रार इतकीच की झाडू मारून झाल्यावर पाहुण्याला बसायला सतरंजी कुणी टाकली नाही.

तेव्हा इथल्या हॉटेलवाल्यांनो, गाइड मंडळींनो, तुम्हाला कुणी जपानी पद्धतीची वेबसाइट करून दिली तर पैसे देण्याआधी एक करा. घरातल्या सगळ्यांत साध्या मोबाइलवर, रेंज कमी असेल तिथे, ती उघडा. सोमवारची सुट्टी पहिल्याच पानावर दिसली, तर जागा मोकळी आहे. नाही दिसली, तर ती रिकामी आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.