‘राजा ओयदिपौस’ : नामोच्चाराचा प्रश्न

सोफोक्लेसचे विख्यात नाटक पु. ल. देशपांडे यांनी १९७९ मध्ये ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले. इंग्रजीच्या द्वारे रूढ झालेले ‘ईडिपस’ हे रूप त्यांनी टाळले, ते केवळ पांडित्यापोटी नव्हे. मूळ नामाचे पूर्वपद सूज दर्शविते, उत्तरपद पाऊल. संस्कृत ‘पाद’ हा त्याचाच सगोत्र. घोटे टोचून टाकून दिलेल्या अर्भकाची ओळख पटविताना या पायांची खूण नाटकात निर्णायक ठरते. ‘ईडिपस’मध्ये ते पाऊल ऐकूच येत नाही, ‘पौस’मध्ये ते मराठी कानाला जाणवते.

तथापि येथील ‘औ’ चिंत्य आहे. ग्रीक लेखनात त्या जागी ओमिक्रॉन आणि उप्सिलॉन ही दोन अक्षरे आहेत खरी. परंतु या शब्दात ती संयुक्त स्वराची द्योतक नाहीत. इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्समध्ये तो संवृत दीर्घ ‘ओ’ होता व ‘ऊ’कडे झुकत होता. ‘ओइदिपूस’ हे रूप त्या उच्चाराला अधिक जवळचे. ‘ओयदिपौस’ हे कानाने नव्हे, डोळ्याने वाचलेले रूप होय.

‘दि’तील दंत्य ‘द’ मात्र यथार्थ. उलट ‘अँटिगनी’तील ‘ट’ ग्रीकांचा नव्हे. इंग्रजी वर्त्स्य वर्णाचे ते मराठीने केलेले मूर्धन्यीकरण आहे. याला अशोकाच्या लेखकांची साक्ष आहे. गिरनारच्या तेराव्या लेखात अन्तिगोनोस राजा ‘अंतेकिन’ झाला आहे. अन्तिगोने हे त्याच नामाचे स्त्रीरूप! लेखकाने ‘ग’चा ‘क’ केला, स्वर बदलले. पण मूर्धन्य वर्ण हाताशी असूनही ‘त’ दंत्यच ठेवला. बेसनगरच्या स्तंभावरील ‘हेलिओदोर’मधील ‘द’ही दंत्यच. ग्रीक महाप्राणांचीही तीच कथा : इंग्रजाला न साधणारे ‘थेबाइ’तील ‘थ’ आणि ‘अखिल्लेउस’मधील ‘ख’ मराठी वर्णमालेत सिद्धच आहेत.

रूढी बलवत्तर, असा आक्षेप येईल. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याला १७२४ च्या लढाईनंतर निजाम-उल्-मुल्कने ‘फतेह’युक्त नवे नाव दिले, तरी लोकांच्या तोंडी साखरच राहिली. पण ती रूढी तेथल्या बोलणाऱ्यांची होती. ‘ईडिपस’ची रूढी उसनी आहे. मानसशास्त्रातील ‘ईडिपस गंड’ ही संज्ञा खुशाल तशीच राहावी, ती पारिभाषिक झाली आहे. रंगभूमीवरील राजाला तेवढी अडचण नाही.