मोक्ष, तारण आणि यात्रा : मराठी ख्रिस्ती साहित्यातील परलोकविचार

मराठी वाङ्मयेतिहासाने ख्रिस्ती साहित्याची दखल बहुधा भाषा आणि रूप यांच्या अंगाने घेतली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) त्यातील मराठीच्या अभिमानासाठी, हरी केशवजी यांचे 'यात्रिक क्रमण' (१८४१) अनुवादित कादंबरीचा आरंभ म्हणून आणि बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७) मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून उल्लेखिले जाते. मृत्यूनंतर जीवाचे काय होते आणि त्यासाठी जिवंतपणी कोणती तयारी करावी, हा या तिन्ही कृतींच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र 'धर्मप्रसार' या एका शब्दात गुंडाळून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः या कृतींची रूपे याच प्रश्नाने घडवली आहेत.

स्टीफन्स यांच्यापुढील अडचण प्रथम शब्दांची होती. पुराणपरंपरेतील स्वर्ग हा तात्पुरता मुक्काम आहे. पुण्य सरले की जीव मर्त्यलोकी परततो. ख्रिस्ती श्रद्धेतील स्वर्गातून परतणे नाही. म्हणून 'वैकुंठ' ही संज्ञा त्यांना जवळची वाटली असावी. 'मोक्ष' या शब्दाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मोक्षात जन्ममरणाचे चक्र गृहीत आहे, तर ख्रिस्ती विचारात जन्म एक, मृत्यू एक, त्यानंतर न्याय आणि देहासह पुनरुत्थान. चक्रच नसेल तर सुटका कशातून? उत्तर 'पापातून' असे आहे. जुना शब्द येथे नवा आशय पेलू लागतो. पण साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्याच्या कानात जुना आशयही रेंगाळत असणारच. ओवीच्या परिचित लयीने ही फट बुजवली नाही, ती सुसह्य केली.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मराठीत 'तारण' हा शब्द रूढ झाला. भवसागर तरून जाण्याची संतपरंपरेतील प्रतिमा त्यात आहे. शिवाय कर्जापोटी ठेवायचे तारणही मराठी वाचकाला आठवते. दुसऱ्याने आपले ऋण फेडले, हा ख्रिस्ती सिद्धान्त त्या व्यवहारी अर्थाच्या शेजारी येऊन उभा राहतो. हे साहचर्य योजलेले असो वा नसो, अर्थनिर्मितीत ते दुर्लक्षणीय नाही.

'यात्रिक क्रमण' हा जॉन बन्यन यांच्या १६७८ मधील रूपककथेचा मराठी अवतार. मूळ कथेत नायक बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटे घालून धावत सुटतो. अखेरीस त्याला पूल नसलेली नदी ओलांडावी लागते आणि ज्याची जशी श्रद्धा तशी तिची खोली. या ठिकाणी वैतरणीचे स्मरण अपरिहार्य आहे. मात्र वैतरणी पार करण्यासाठी गोदान आहे, मागे राहिलेल्या पुत्राने करावयाचे विधी आहेत. कॅथलिक परंपरेतही शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी प्रार्थना करता येते. प्रॉटेस्टंट बन्यन यांच्या नदीकाठी मागे राहिलेल्यांना मृतासाठी करण्यासारखे काही उरत नाही. वारकऱ्याची वारी समूहाची असते आणि ती घरी परतते. बन्यन यांचा यात्रिक सोबती भेटले तरी आपल्या तारणाचा भार स्वतःच वाहतो आणि परतत नाही. कादंबरीला आवश्यक असलेली एकाकी, निवड करणारी व्यक्ती मराठीत आली ती या परलोकविचाराचे बोट धरून.

पदमनजींनी या यात्रेची दिशाच बदलली. त्यांच्या कृतीच्या नावातही प्रवास आहे, पण प्रवासी स्त्री आहे आणि वाटेत तिला राक्षस किंवा दलदल भेटत नाही, विधवा भेटतात. 'हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' हे उपशीर्षक पुरेसे बोलके आहे. यमुनेचे स्वतःचे वैधव्य, धर्मांतर आणि पुनर्विवाह या क्रमात तारणाची वाट इहलोकीच्या न्यायातून जाते. कृतीची मर्यादाही येथेच दिसते. धर्मचर्चांचा निकाल आधीच ठरलेला असल्याने प्रतिपक्षाचे युक्तिवाद दुबळे राहतात. मात्र विधवांच्या कहाण्या त्या निकालाची वाट पाहत नाहीत. प्रचार वगळूनही त्यांचे दुःख शिल्लक राहते.

हे वळण अटळ नव्हते, याची साक्ष पंजाब देतो. साधू सुंदरसिंग यांच्या १९२६ मधील आध्यात्मिक जगाच्या दर्शनांवरील पुस्तकात मृत्यूनंतरच्या मधल्या अवस्थेत आत्मे आपापल्या वृत्तीनुसार आपले स्थान गाठतात. तेथे परलोक हा पाहण्याचा विषय आहे. पदमनजींकडे तो इहलोक तपासण्याचा निकष होतो. एकच श्रद्धा दोन प्रदेशांत दोन वाङ्मयरूपे घेते, तेव्हा केवळ 'प्रभाव' ही संकल्पना तुलनेला अपुरी पडते. कोणत्या समाजाने परलोकाला कोणता प्रश्न विचारला, हे पाहणे आवश्यक ठरते. मराठीने विचारलेला प्रश्न विधवेचा होता, आणि मराठी कादंबरीचा आरंभ त्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.